नुसते घट्ट धरून भागत नाही

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला आमच्या परसातल्या शेडमध्ये एक गंमत झाली. सौ.ने रीतीप्रमाणे हळद-कुंकू आणले, लेथला झेंडूची माळ घातली, ड्रिलिंग मशीनला बोट टेकवले, आणि मग धुतलेल्या फडक्यावर ओळीने मांडलेल्या कॉलेट्सकडे वळली. तोच सूनबाई दारातून ओरडली, "अत्ते, बेड! त्याला नको!"

सौ.चा हात हवेतच राहिला. सणाच्या दिवशी पूजेला "नको" म्हणायचे म्हणजे काय? सूनबाई पुढे आली, कुंकवाची वाटी हळूच आपल्या हातात घेतली आणि म्हणाली, "अत्ते, कुंकवाचा एक कण जरी आत राहिला ना, तरी पिन तिरकी फिरते. पेटीला लावूया, पेटीत देव आहेच की."

मग लाकडी पेटीला पाच बोटे उमटली, नारळ फुटला, नातवाने खोबरे पळवले. सौ. मला म्हणाली, "देवाच्या कुंकवानेसुद्धा बिघडते असले कसले हो तुमचे हत्यार?"

प्रश्न चेष्टेचा होता, पण त्याचे खरे उत्तर देण्यासारखे आहे. म्हणून आज हा लेख. कुटुंबाच्या पानावर चक आणि कॉलेट कशाला, असे कुणाला वाटेल. पण बेळगावात परसात किंवा जिन्याखाली एखादे ड्रिलिंग मशीन, एखादा जुना लेथ असलेली घरे काही थोडी नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचे दुकान काढले ते याच गावात. कडबा कापायच्या यंत्राची आणि लोखंडी नांगराची सुरुवातही इथलीच. १९१० साली ते कुंडलजवळच्या माळावर गेले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली, पण लोखंडाचा नाद मात्र इथेच राहिला. उद्यमबागेत उमेदीची वर्षे काढलेला माणूस निवृत्त झाला की त्याचे हात शिवशिवतात. मी त्यातलाच एक.

शेडला कुलूप लागले त्याची गोष्ट

चौतीस वर्षे टर्नर म्हणून काम करून मी २०२१ साली निवृत्त झालो. मिळालेल्या पैशातून तीन फुटी बेडचा एक जुना लेथ आणि टेबलावर बसवायचे तेरा मिलिमीटरचे ड्रिलिंग मशीन घेतले. आमच्या वडगाव भागात पॉवरलूम पुष्कळ. कुणाची पिन झिजते, कुणाचा बुश सैल होतो, कुणाला एखादी पट्टी करून हवी असते. पैसे फार नाहीत, पण वेळ चांगला जातो आणि चार माणसे दारात येतात.

२०२३ च्या श्रावणात एकाने लोखंडी पट्टीला लांबट खाच पाडून मागितली. हे काम मिलिंगचे. माझ्याकडे मिलिंग मशीन नाही. मी विचार केला, ड्रिलिंग मशीन फिरते, एंडमिलही फिरते, मग चकमध्ये एंडमिल धरली तर काय झाले? पट्टी सरकत्या व्हाइसमध्ये बांधली, चकची चावी जोर लावून आवळली आणि खाच पाडायला लागलो. पहिले दोन-तीन हात बरे गेले. मग मशीन थरथरायला लागले. आवाज बदलला हे मला कळले होते. चौतीस वर्षांचा कान होता तो! पण "आता एवढेच राहिले आहे" म्हणून मी पुढे रेटले.

चक एंडमिलसकट मशीनमधून सुटून खाली आला. पट्टीवर आपटला, फिरतच टेबलावरून उडाला आणि दाराच्या चौकटीवर आदळला. चौकटीपासून दोन हातांवर माझा साडेतीन वर्षांचा नातू बिस्किट खात उभा होता. तो कधी येऊन उभा राहिला ते मला माहीतच नव्हते.

त्याला काही झाले नाही. पण सौ.ने त्या संध्याकाळी शेडला कुलूप लावले आणि किल्ली देवघरात ठेवली. ओरडली नाही, रागावली नाही. "मशीन विकून टाका," एवढेच म्हणाली. मला जेवण गेले नाही. मशीन जाणार याचे दुःख होतेच, पण त्याहून जास्त टोचत होते ते हे, की चूक माझी होती आणि ती नवशिक्याची चूक होती. कारखान्यात कुणा पोराने असे केले असते तर मी त्याला मशीनवरून उठवले असते.

चक का सुटला?

आठ-दहा दिवसांनी सूनबाई मला म्हणाली, "मामा, तो चक मला बघायला द्या."

आमची सूनबाई बैलहोंगलकडची. घरात ती माझ्याशी मराठीत बोलते, नातवाशी कन्नडमध्ये, आणि चिडली की दोन्हीत. तिने मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला आहे. लग्नाआधी दोन वर्षे एका कारखान्यात तयार माल तपासायच्या खात्यात होती. बाळ झाल्यावर नोकरी सुटली. हे सगळे मला माहीत होते. तरीही चार वर्षांत मी तिला एकदाही "शेडमध्ये ये, बघ" असे म्हटले नव्हते. चहा मात्र तिच्याच हातून शेडच्या दारात येत होता.

तिने चक पालथा करून त्याच्या मागचे भोक बघितले, तिथले आकडे वाचले आणि मला समजावू लागली. ऐकताना मला थोडी लाज वाटली आणि थोडे बरेही वाटले.

ड्रिलिंग मशीनचा चक बहुतेक वेळा आट्यांवर बसवलेला नसतो. तो निमुळत्या टोकावर, म्हणजे टेपरवर, नुसता दाबून बसवलेला असतो. माझ्या मशीनवर बी-१६ टेपर आहे. मोठ्या बाजूला साधारण १५.७ मिलिमीटर, आणि लांबीच्या दर वीस मिलिमीटरला सुमारे एक मिलिमीटर निमुळता होत जाणारा. त्याला धरून ठेवते ते फक्त घर्षण. भोक पाडताना जोर वर, टेपरच्या दिशेने जातो. जितके दाबाल तितका चक आणखी घट्ट बसतो. म्हणून ड्रिलला हा चक वर्षानुवर्षे पुरतो.

एंडमिलचे तसे नाही. ती बाजूने कापते, म्हणजे जोर आडवा येतो. शिवाय तिच्या पिळामुळे ती स्वतःला खाली, कामाच्या दिशेने ओढते. आडवा धक्का, खालची ओढ आणि थरथर, तिन्ही मिळून टेपर सोडवतात. दुसरी गोष्ट, चकचे तीन जबडे हत्याराला तीनच रेषांवर धरतात. ड्रिलची गुळगुळीत दांडी तेवढ्यावर टिकते. एंडमिलची कडक, घासलेली दांडी आडव्या जोराने त्यातून सरकायला लागते. मी चावी आणखी आवळली असती तरी उपयोग नव्हता.

तेव्हा ती जे बोलली ते मी शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले आहे: "गट्टि हिडिदरे सालदु, नेट्टगे हिडीबेकु." नुसते घट्ट धरून भागत नाही, सरळ धरायला हवे. गट्टि आणि घट्ट हे दोन शब्द शेजारी ठेवून बघा. आपल्याकडच्या घरांसारखेच आहेत ते.

चक घेताना काय बघावे

सौ.ने कुलूप उघडायला तीन अटी घातल्या. दाराला आडवी फळी, नातू आत नाही. एकट्याने काम नाही. आणि जे हत्यार ज्या कामाचे, त्यालाच वापरायचे. तिसरी अट पाळायची तर खरेदी आली. माझ्याकडे त्यासाठी बाजूला काढलेले पंचवीस हजार रुपये होते. पण त्यातले काही मी आधीच घालवून बसलो होतो, ते पुढे सांगतो.

पहिली गोष्ट चकची. चावीने आवळायचा तीन जबड्यांचा आजचा चक आपण ज्या रूपात बघतो, त्याचे पेटंट अमेरिकेतल्या आर्थर जेकब्सने १९०२ साली घेतले. सव्वाशे वर्षे होत आली, पण रचना फारशी बदललेली नाही. त्यामुळे जुना चक मिळाला तरी वाईट नाही. फक्त एवढे बघा:

मागचा टेपर कोणता? तो चकच्या अंगावर कोरलेला असतो. बी-१२, बी-१६, बी-१८ ही एक मालिका, तर जेटी-६, जेटी-३३ ही जेकब्सची दुसरी. यात फसगत होते. बी-१८ चे मोठे तोंड १७.७८ मिलिमीटरचे आणि जेटी-६ चे १७.१७ चे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. दुकानदार "बसतंय की" म्हणेल आणि ठोकल्यावर बसल्यासारखा वाटेलही. पण दोघांचा निमुळतेपणा वेगळा, त्यामुळे तो एका काठावरच टेकतो आणि डुगडुगतो. आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

माप किती? तीन ते सोळा मिलिमीटरचा चक बघितला की छाती फुगते. पण तो एक मिलिमीटरचे ड्रिल धरूच शकत नाही, वजनाला जड आणि लांबीला जास्त. लहान मशीनमध्ये चक आणि टेबल यांच्यामधली अर्धी जागा तोच खातो. घरच्या कामाला एक ते तेराचा चक बरा. तेरा म्हणजे आपले चार सूत, अर्धा इंच.

चावीचा की बिनचावीचा? बिनचावीचा चक हाताने आवळता येतो, ड्रिल पटापट बदलता येते आणि काम करताना तो स्वतःच आणखी घट्ट होत जातो. मात्र मशीन उलटे फिरवून आटे पाडायचे असतील तर तो सैल पडू शकतो. चावीचा चक स्वस्त आणि दणकट. त्याला तीन भोके असतात. एकाच भोकातून आवळून थांबू नका, तिन्हींतून आवळा, म्हणजे पकड सारखी बसते.

आणि एक घरचा नियम. चावी चकमध्ये ठेवून हात काढायचा नाही. कधीच नाही. मशीन चालू झाले तर ती गोळीसारखी सुटते. आमच्याकडे चावीला आता स्प्रिंग आहे, हात सोडला की ती आपोआप बाहेर पडते. हातमोजे, सैल बाही, ओढणी, पदर, मोकळे केस यांना फिरत्या चकजवळ जागा नाही. सूनबाई शेडमध्ये येताना बांगड्या काढून खुंटीला अडकवते. मी अंगठी काढतो.

बसवण्याची रीत सोपी आहे. दोन्ही टेपर कोरड्या फडक्याने पुसायचे, तेल लावायचे नाही. जबडे पूर्ण आत घ्यायचे आणि लाकडी हातोडीने खालून एक नेमका ठोका द्यायचा. जबडे बाहेर ठेवून ठोकले तर ते दुखावतात. काढायचा असेल तर दोन बाजूंनी दोन पाचरी. छिन्नीने ठोकणारे मी पुष्कळ बघितले आहेत, त्यांचे चक नंतर कधी सरळ फिरले नाहीत.

माझी स्वस्तातली खरेदी

आता पैसे घालवल्याची गोष्ट. अपघाताच्या आधी सहा महिने जुन्या बाजारात मला कॉलेट्सचा एक चकचकीत संच दिसला होता. लाकडी पेटी, आत रांगेने बसवलेले अकरा नग, तेल लावून ठेवलेले. भाव इतका कमी की मी घासाघीससुद्धा केली नाही. घरी आणून बघतो तर लेथच्या कुठल्याच भोकात त्या जाईनात.

त्या निघाल्या आर-८ जातीच्या. अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट धर्तीच्या मिलिंग मशीनच्या स्पिंडलमध्ये त्या बसतात, मागून इंची आट्याच्या बोल्टने ओढून धरल्या जातात. त्या मशीनला उत्तम. पण माझ्या लेथच्या हेडस्टॉकला मोर्स-३ टेपर आणि टेलस्टॉकला मोर्स-२. घोड्याची नाल बैलाला! पेटी माळ्यावर गेली.

सूनबाईने मला विचारले, "मामा, घ्यायच्या आधी तुम्ही कोणते काम करणार ते लिहिले होते का?" नव्हते लिहिले. मग आम्ही दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून वही उघडली. एका बाजूला माझ्याकडे असलेल्या आणि लागणाऱ्या कटरच्या दांड्या: सहा, आठ, दहा, बारा मिलिमीटर. दुसऱ्या बाजूला लूमच्या पिना ज्या सळईतून करतो त्यांची मापे: बारा, सोळा, अठरा, आणि जुन्या लूमसाठी अर्धा इंची. एवढेच. सौ. भाजी निवडता निवडता ऐकत होती. म्हणाली, "महिन्याच्या वाणसामानाची यादी करता तशी आधीच करायची होती."

कॉलेट म्हणजे काय आणि कोणती

कॉलेट हा मुळात फ्रेंच शब्द, अर्थ गळपट्टी. काम तेच. गळ्याभोवती पट्टी बसावी तशी ती दांडीला सगळीकडून धरते. बाहेरून निमुळती, आतून सरळ भोक, आणि अंगाला दोन्ही टोकांकडून आळीपाळीने चिरा. नट आवळला की ती निमुळत्या खोबणीत दाबली जाते, चिरा मिटतात आणि भोक चारी बाजूंनी सारखे लहान होते. तीन रेषांची पकड आणि पूर्ण गोलाईची पकड, हा चक आणि कॉलेटमधला फरक.

आजकाल सगळीकडे मिळते ती ईआर जातीची कॉलेट. स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्स कंपनीने १९७० च्या दशकात ती आणली आणि पुढे ती जर्मन मानकात आल्याने कुणाचीही कॉलेट कुणाच्याही होल्डरमध्ये बसू लागली. ईआर-च्या पुढचा आकडा साधारण तोंडाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. ईआर-१६ मध्ये दहा मिलिमीटरपर्यंतची दांडी बसते, ईआर-२० मध्ये तेरापर्यंत, ईआर-२५ मध्ये सोळापर्यंत, ईआर-३२ मध्ये वीसपर्यंत. आमच्या वहीत अठराची सळई होती, म्हणून ईआर-३२. ती नसती तर ईआर-२५ ने भागले असते आणि होल्डरही आटोपशीर मिळाला असता.

ईआर कॉलेटची मोठी सोय म्हणजे नेहमीच्या मापांत ती एक मिलिमीटर मिटते. दहाची कॉलेट दहापासून नऊपर्यंत धरते. आपल्याकडे मिलिमीटर आणि सूत दोन्ही चालते, तिथे याचा फार उपयोग. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तो तेराच्या कॉलेटमध्ये बसतो. तीन सूत म्हणजे साडेनऊच्या थोडे वर, ते दहाच्या कॉलेटमध्ये. पाच सूत म्हणजे १५.८७५, ते सोळाच्या कॉलेटमध्ये. वेगळा इंची संच घ्यायची गरज नाही. पण उलटे कधी करू नका. दहाच्या कॉलेटमध्ये १०.२ ची दांडी ठोकून घालायची नाही. आणि नऊच्या दांडीपेक्षा दहाची दांडी तिला जास्त मानवते, हेही खरे.

लेथवाल्यांना ५-सी जातीच्या कॉलेट्सही भेटतील. त्या सळई धरायला छान, पण फारच थोड्या मिटतात, म्हणून जवळजवळ प्रत्येक मापाला वेगळी लागते. कारखान्यात एकाच मापाच्या हजार पिना करायच्या असतील तर ठीक. घरी ईआर बरी.

आता होल्डर. इथे दोन कामे वेगळी ओळखावी लागतात. कटर धरायचा असेल तर मोर्स टेपरचा होल्डर हेडस्टॉकमध्ये बसवायचा, पण त्याच्या शेपटीला आटे हवेत. मोर्स-३ च्या होल्डरला सहसा बारा मिलिमीटरचे आटे असतात. स्पिंडलच्या मागून लांब बोल्ट, म्हणजे ड्रॉबार, घालून तो ओढून धरायचा. चपट्या शेपटीचा, बिनआट्याचा होल्डर कटरला घेतला तर माझ्या चकची गोष्ट पुन्हा घडेल. मी आता खाच पाडायचे काम ड्रिलिंग मशीनवर करत नाही. कटर लेथच्या स्पिंडलमध्ये असा ओढून धरतो आणि काम उभ्या स्लाइडवर बांधून त्याच्यासमोर सरकवतो.

पण लांब सळई धरायची असेल तर हा होल्डर कामाचा नाही, कारण मागे ड्रॉबार असतो, सळई आरपार जाणार कशी? त्यासाठी स्पिंडलच्या तोंडावर पाठीमागच्या प्लेटने बसवायचा, आरपार भोकाचा ईआर चक घ्यावा लागतो. आम्ही दोन्ही घेतले. कॉलेट्सचा संच एकच, दोन्ही कामांना.

दुकानात अठरा कॉलेट्सचा पूर्ण संच पुढे आला, तेव्हा माझा हात पाकिटाकडे गेलाच होता. सूनबाईने वही उघडून दाखवली. सहा, आठ, दहा, बारा, तेरा, सोळा, अठरा. सातच. त्या सात आम्ही बऱ्यापैकी चांगल्या दर्जाच्या घेतल्या आणि उरलेल्या पैशांतून लोहचुंबकाच्या स्टँडसह डायल गेज घेतला. दुकानदार मला म्हणाला, "मुलगी हुशार आहे तुमची." मी म्हटले, "सून आहे. हुशार आहे हे मलाही उशिराच कळले."

डायल खोटे बोलत नाही

घरी आल्यावर तिने पहिले काम तपासण्याचे केले. बारा मिलिमीटरची घासलेली पिन धरायची, डायलचे टोक तिच्यावर टेकवायचे आणि स्पिंडल हाताने फिरवायचा. काटा किती हलतो ते बघायचे, एकदा तोंडाजवळ आणि एकदा दोन इंच पुढे. तोंडाजवळ कमी आणि पुढे जास्त हलला तर समजायचे, पिन तिरकी धरली गेली आहे.

माझा पडलेला जुना चक दोन इंचांवर ०.३० मिलिमीटर हलत होता. म्हणजे माणसाच्या तीन-चार केसांएवढा. नवा चावीचा चक ०.०९. ड्रिलला एवढे चालते, कारण ड्रिल आपल्या टोकाने केंद्र शोधते. अगदी बारीक ड्रिल किंवा रीमर असेल तर मात्र चालत नाही. एक तुटते, दुसरे भोक मोठे करते.

मग कॉलेट लावली. काटा ०.०६ हलला. माझे तोंड उतरले. एवढे पैसे घालून एवढाच फरक? सूनबाईने काही न बोलता नट सोडला, कॉलेट काढली आणि होल्डरच्या आतून फडके फिरवले. फडक्यावर लोखंडाच्या किसाचा एक बारीक तुकडा आला, तिळाच्या निम्म्याएवढा. पुन्हा बसवले. काटा ०.०२ वर आला. कुंकवाला "नको" का, हे आता सौ.लाही पटेल.

तेव्हापासून शेडमधला क्रम ठरलेला आहे. आधी पुसायचे. मग कॉलेट नटमध्ये थोडी तिरकी धरून "टक्" आवाज येईपर्यंत बसवायची, आणि नंतरच नट होल्डरवर चढवायचा. पुष्कळ जण कॉलेट आधी होल्डरमध्ये टाकतात आणि वरून नट लावतात. असे केले की नट सोडताना ती बाहेर येत नाही, आतच रुतते, आणि आवळताना वाकडीही होते. दांडी कॉलेटच्या निदान दोन तृतीयांश लांबीपर्यंत आत हवी. आखूड धरली तर कॉलेट पुढूनच मिटते. आणि रिकामी कॉलेट कधी आवळून ठेवायची नाही, तिचा आकार जातो. काम झाले की तेलाचे बोट फिरवून पेटीत. आपल्याकडचा पाऊस लोखंडाला दयामाया दाखवत नाही.

आता

त्या माणसाची पट्टी आम्ही पुन्हा करून दिली, खाच सरळ आली. पैसे घेतले नाहीत, उशीर आमचा होता. पुढच्या महिन्यात त्याने चाळीस पिना सांगितल्या. सळई कॉलेटमध्ये धरून मी त्या कातल्या, सूनबाईने एकेक मोजली आणि दोन बाजूला काढल्या. मी म्हटले, "अगं चालतील त्या." ती म्हणाली, "मामा, तुमच्या कारखान्यात चालल्या असत्या का?" दोन पिना पुन्हा केल्या.

आता वहीत तिचे अक्षर आहे, मापे आणि पैसे दोन्ही तीच लिहिते. सकाळी नातू शाळेत गेला की दोन तास ती शेडमध्ये असते, आणि त्या वेळात चहा मी करतो. "कै केसरादरे बायि मोसरु" असे तिची आजी म्हणायची म्हणे. हात चिखलाने भरले तर तोंडाला दही. आमचे हात तेलाने भरतात एवढाच फरक.

किल्ली अजून देवघरातच असते. सकाळी सौ. स्वतः ती काढून सूनबाईच्या हातात देते. माझ्या नाही. त्यात मला काही वावगे वाटत नाही.

आर-८ ची ती पेटी माळ्यावर अजून आहे, अकराच्या अकरा नग, तेल लावलेले. ब्रिजपोर्ट धर्तीचे मशीन कुणाकडे असेल तर त्याने जरूर यावे, चहा घ्यावा आणि पेटी घेऊन जावी. फक्त येताना स्पिंडलचे माप कागदावर लिहून आणावे, म्हणजे माझ्यासारखी फसगत होणार नाही.